हातमोजे न घालता बेसबॉल: १८६९ चं सिनसिनाटी शाळेच्या मैदानावर कसं उतरवायचं

बेसबॉलचा इतिहास मुलांना सांगायचा असेल तर फळ्यावर तारखा लिहू नका. मैदानावर फक्की मारा, हातमोजे कपाटात ठेवा आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या नियमांनी एक सामना खेळवा. मी साताऱ्यात शारीरिक शिक्षण शिकवते. शालेय स्पर्धांमध्ये सॉफ्टबॉल आहे, बेसबॉल आहे, मुलंमुली हौसेनं खेळतात, जिल्हा-विभाग करत पुढे जातात, दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांची आशाही असते. पण हा खेळ आला कुठून आणि असाच का झाला, हे विचारलं की वर्ग गप्प होतो. ज्या खेळासाठी आपण घाम गाळतो त्याचं मूळ माहीत नसणं मला फार लागतं. म्हणून हे लिहिते आहे, कुठल्याही शाळेच्या किंवा मंडळाच्या क्रीडाशिक्षकाला जसंच्या तसं वापरता यावं असं.

सिनसिनाटीच का

बेसबॉलचे पहिले लिखित नियम न्यूयॉर्कचे. तिथल्या निकरबॉकर क्लबने २३ सप्टेंबर १८४५ ला २० नियम कागदावर आणले. १८५७ मध्ये न्यूयॉर्क परिसरातल्या क्लबांनी एकत्र बसून ९ इनिंग (दोन्ही संघांची एकेक पाळी मिळून एक इनिंग) आणि बेसमधलं, म्हणजे धावताना गाठायच्या चार ठिकाणांमधलं, ९० फुटांचं अंतर पक्कं केलं. १८३९ मध्ये कूपर्सटाउन गावात ॲबनर डबलडे याने हा खेळ शोधून काढला, ही गोष्ट अजून सांगितली जाते. ती मुलांना सांगू नका, इतिहासकारांनी ती केव्हाच बाजूला ठेवली आहे.

तरीही मी सामना न्यूयॉर्कचा न घेता अमेरिकेतल्याच ओहायो नदीकाठच्या सिनसिनाटी शहराचा घेते. कारण तिथली कथा क्रिकेटच्या मैदानावर सुरू होते आणि आपल्या प्रत्येक मुलाच्या हातात आधी क्रिकेटचीच बॅट आलेली असते. हा संघ बांधणाऱ्या हॅरी राइटचा जन्म इंग्लंडमधल्या शेफील्डचा, वर्ष १८३५. वडील सॅम राइट व्यावसायिक क्रिकेटपटू, न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबच्या नोकरीत. हॅरी स्वतः १८६५ मध्ये सिनसिनाटीला आला तो तिथल्या युनियन क्रिकेट क्लबचा पगारी खेळाडू म्हणून. १८६६ मध्ये शहरात सिनसिनाटी बेसबॉल क्लब निघाला, पुढच्या वर्षी तो याच क्रिकेट क्लबच्या मैदानावर खेळायला लागला, आणि बघता बघता लोक क्रिकेट सोडून त्याच कुंपणातल्या नव्या खेळाकडे वळले. हॅरीही वळला. कर्णधार झाला, संघ बांधला. म्हणजे झेल कसा घ्यायचा, फेक कशी करायची, सराव किती करायचा, हे त्याने क्रिकेटमधूनच आणलं. आपल्या मुलांना हे सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात. त्यांना जे येतं त्यातूनच एका माणसाने बेसबॉलचा पहिला उघडपणे पगारी संघ उभा केला होता.

चेंडू

तयारीतला सगळ्यात जास्त वेळ चेंडूला द्या. बाजारातला बेसबॉल आणून हा सामना खेळवला तर निम्मी मजा गेली, शिवाय उघड्या हातांनी तो झेलणं मुलांना झेपणार नाही.

सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पातळ पट्ट्या कापा. त्या एकीवर एक गुंडाळत लहान लिंबाएवढा गोळा करा. त्यावर लोकर गुंडाळायची. दुकानातली विणकामाची लोकर फार मऊ आणि फार महाग. आपल्याकडे माण भागात मेंढ्यांची जाडीभरडी लोकर मिळते, घोंगडीसाठी कातलेलं सूत मिळतं, ते आणा. ते हाताला खरखरतं, पण एकावर एक थर बसतो, घसरत नाही. गुंडाळताना दर पाच-सहा वेढ्यांनी दिशा बदला, नाहीतर चेंडू एका बाजूला फुगतो. फार ओढून गुंडाळू नका, मुलांच्या बोटांचा विचार करा. शिंप्याची टेप लावून परीघ २१.५ सेंटिमीटर झाला की थांबा.

आता चामडं. त्या काळात लिंबाच्या सालीच्या धर्तीवर एकाच तुकड्याचं कव्हर करत. चार पाकळ्यांच्या फुलाचा आकार कापायचा. एका पाकळीच्या टोकापासून समोरच्या पाकळीच्या टोकापर्यंत २३ सेंटिमीटर, म्हणजे तयार चेंडूच्या परिघाएवढं. प्रत्येक पाकळी मधल्या ठिपक्यापासून ५.७५ सेंटिमीटरवर सगळ्यात रुंद, आणि तिथली रुंदीही ५.७५ सेंटिमीटर. आधी कागदावर काढा, कागद चेंडूला गुंडाळून बघा, मग चामड्याला कात्री लावा. चारही टोकं वर आणून एकत्र मिळाली की चार शिवणी राहतात. वरून बघितलं तर फुली दिसते.

शिवण मुलांकडून होणार नाही. आमचा चेंडू राजवाड्याकडच्या एका चप्पल शिवणाऱ्या काकांनी शिवला. त्यांनी कागदी आकार उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "बाई, कोरडं शिवलं तर दोन तडाख्यांत शिवण तोंड उघडेल. रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी आणा." ओलं चामडं आरीने टोचून, मेण ओढलेल्या दोऱ्याने त्यांनी शिवलं आणि दोन दिवस सावलीत वाळवायला सांगितलं. वाळल्यावर ते असं आवळलं की बोटाने दाबून दाबलं जाईना. हे सांगण्याचं कारण एवढंच, की मूळ कामही अशाच हातांचं होतं. न्यूयॉर्कमध्ये जॉन व्हॅन हॉर्न नावाचा बूट बनवणारा कारागीर क्लबांना चेंडू शिवून द्यायचा आणि गाभ्यासाठी जुन्या रबरी बुटांच्या पट्ट्या वापरायचा. काकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी पैसे घेताना हात मागे घेतला. मी ते दिलेच. तुम्हीही द्या, कामाचं मोल झालं पाहिजे.

तयार चेंडू वजनावर ठेवा. १८५७ च्या नियमात चेंडू ६ औंसांच्या वर आणि १० इंच परिघाचा होता. पुढे तो लहान होत गेला आणि १८७२ मध्ये ५ ते ५ १/४ औंस, ९ ते ९ १/४ इंच असा जो ठरला तो आजही तसाच आहे. म्हणजे १४२ ते १४९ ग्रॅम. क्रिकेटचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो, शिवाय आकाराने थोडा लहान. दोन्ही चेंडू मुलांच्या दोन हातांत द्या आणि फरक त्यांनाच सांगू द्या.

बॅट कातारी करून देतो. पाळण्याचे नाहीतर पलंगाचे पाय कातणाऱ्याला जाडी फक्त सांगावी लागते: सगळ्यात जाड जागी अडीच इंच, कारण १८५९ पासून नियमाने तेवढीच मुभा होती. लांबी मोठ्यांना ४२ इंचांपर्यंत चाले, मुलांना ३२ पुरे. बाभूळ घेऊ नका, पेलत नाही. उभ्या सरळ नसांचं सागवान घ्या, मूठ सव्वा इंच ठेवा, तेल पाजा. कातकामाचा भुसा टाकू नका, तो बेसच्या पिशव्यांत भरायला लागतो.

मैदान आखणं

पाऊस पूर्ण थांबून मैदान वाळल्याशिवाय हा घाट घालू नये. आमचं मैदान मुरमाड आहे, अजिंक्यताऱ्याच्या बाजूने पाणी वाहून येतं आणि दिवाळीपर्यंत कडेला चिखल राहतो. त्यानंतरचा एखादा शनिवार निवडा. सकाळची शाळा सुटली की मैदान मोकळं असतं आणि उन्हंही सोसवतात. खेळ दुपारनंतर लांबणार असेल तर होम, म्हणजे फटका मारायची जागा, पश्चिमेच्या टोकाला ठेवा, म्हणजे फटका मारणाऱ्याच्या डोळ्यांत ऊन जात नाही.

आखणीला एक दोरी आणि दोन खुंट्या पुरतात. मोठ्यांचं अंतर ९० फूट, पण सातवी-आठवीच्या मुलांना ६० फूट घ्या, म्हणजे १८.२९ मीटर. होमवर पहिली खुंटी ठोका. तिथून मैदानाच्या मध्याकडे सरळ २५.८६ मीटर मोजून दुसरी ठोका, तो दुसरा बेस. आता ३६.५८ मीटरची दोरी घ्या, बरोबर मध्ये गाठ मारा आणि दोन टोकं दोन खुंट्यांना बांधा. गाठ धरून उजवीकडे चालत जा, दोरी दोन्ही बाजूंनी ताठ झाली की पायाखाली पहिला बेस. तीच गाठ डावीकडे ताणली की तिसरा. मोठ्यांसाठी हेच आकडे ३८.८० आणि ५४.८६ मीटर होतात. आठवीच्या मुलांना पायथागोरसचा सिद्धांत नुकताच शिकवलेला असतो. गणिताच्या सरांना या वेळी मैदानावर बोलवा, त्यांना आनंद होतो आणि दोरी धरायला एक माणूस मिळतो.

बेस म्हणजे भुसा भरून शिवलेल्या जाड कापडाच्या पिशव्या. त्या काळी होम ही पांढरा रंग दिलेली लोखंडाची गोल चकती असे. आपण प्लायवूडची करू, पत्र्याची धार पायाला लागते. पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याची, रेघ मोठ्यांना होमपासून ४५ फुटांवर होती, बेसच्या अंतराच्या निम्म्यावर. तेच प्रमाण ठेवून मुलांसाठी ९.१५ मीटरवर रेघ मारा.

नियम, आणि क्रिकेटची मुलं कुठे अडतात

पिचरने चेंडू खालून सोडायचा. हात कोपरात न वाकवता, सरळ, मांडीजवळून पुढे. मनगटाचा झटका नाही, वरून फेक नाही. पहिल्या दोन-तीन चेंडूंना कोणीतरी ओरडतंच, "मॅडम, चेंडूनं टप्पाच घेतला नाही!" समजावा की इथे टप्पा नाही आणि मागे यष्ट्याही नाहीत. सुरुवातीच्या काळात पिचरचं काम समोरच्याला चेंडू मारू देणं हेच होतं. खरा खेळ नंतर सुरू व्हायचा, धावणाऱ्यांचा आणि अडवणाऱ्यांचा. पिचर जसजसे हुशार झाले तसतसे नियम आले. १८५८ मध्ये मारण्याजोगे चेंडू सोडणाऱ्याविरुद्ध स्ट्राइक पुकारण्याचा अधिकार पंचाला मिळाला आणि १८६४ च्या सुमारास वाईट चेंडू टाकणाऱ्याविरुद्ध बॉल पुकारण्याचा. मुलांना हे क्रमाने खेळून दाखवा: पहिल्या इनिंगमध्ये पंचाने काहीच पुकारायचं नाही. कोणी हट्टाने चेंडू सोडत राहिलं की खेळ कसा रखडतो ते सगळ्यांना दिसतं, आणि मग दुसऱ्या इनिंगला मुलंच नियम मागतात. नियम कुणाच्या लहरीने येत नाही, अडचणीतून येतो, हे इतकं स्वच्छ दुसऱ्या कुठल्या पद्धतीने शिकवता येईल असं मला वाटत नाही.

झेल दोन प्रकारचा. मैदानात सरळ गेलेला चेंडू हवेतच झेलला पाहिजे, तरच आउट. पूर्वी एका टप्प्यानंतर झेलला तरी आउट धरत, ती सवलत सरळ फटक्यांसाठी १८६५ मध्ये गेली. फाउल चेंडूला, म्हणजे होमपासून पहिल्या आणि तिसऱ्या बेसकडे जाणाऱ्या रेघांबाहेर गेलेल्या चेंडूला, मात्र ती पुढे बरीच वर्षं राहिली. म्हणून १८६९ च्या सामन्यात रेघेबाहेर उडालेला चेंडू एका टप्प्यानंतर पकडला तरी मारणारा आउट. गल्लीत "वन टप्पा आउट" खेळलेली मुलं हा नियम एका क्षणात उचलतात.

त्यापेक्षा अवघड आहे तो पहिला बेस. क्रिकेटमध्ये आपण क्रीजमध्ये बॅट टेकवून पुढे धावत जातो, कोणी काही म्हणत नाही. आजच्या बेसबॉलमध्येही पहिला बेस ओलांडून पुढे जाता येतं. पण ही मुभा १८७० च्या आसपास आली. आपल्या सामन्यात बेस गाठून तिथेच थांबायचं. पिशवीवरून पाय पुढे सरकला आणि हातात चेंडू असलेल्याने स्पर्श केला की आउट. मुलांना आदल्या दिवशी नुसती धावून थांबण्याची तालीम द्या, मुरमावर पाय घसरतात.

आणखी एक गंमत जरूर खेळवा. त्या काळी चेंडू आधी रेघेच्या आत पडला आणि मग फिरून बाहेर गेला तरी तो चांगला धरला जाई. हुशार फलंदाज मुद्दाम तसा तिरका ठोका मारत आणि चेंडू प्रेक्षकांत जाईपर्यंत बेस गाठत. लेट कट खेळणारी एखादी मुलगी वर्गात असतेच. तिला हे सांगा आणि बघा. १८७७ मध्ये हा फटका नियमानेच बंद केला.

हातमोजे नाहीत. फटका मारणाऱ्याच्या मागे चेंडू घेणाऱ्या कॅचरलाही नाहीत, तोंडावर जाळीही नाही, ती पुढच्या दशकात आली. आपण मात्र कॅचरला क्रिकेटचं हेल्मेट घालायचंच, इतिहासाच्या नावाखाली कुणाचा दात पाडायचा नाही. त्याला मागे उभं करा. तेव्हाचे कॅचरही बेसवर धावणारा नसेल तर दूर उभे राहून चेंडू टप्प्यावर घेत. झेल घेताना हात चेंडूबरोबर मागे न्यायला शिकवा. सामना ५ इनिंगचा पुरे.

कोण कोण व्हायचं

आता खरा इतिहास. सामन्याच्या आधी ९ चिठ्ठ्या करा आणि एका संघात वाटा. प्रत्येकाने आपल्या चिठ्ठीवरच्या माणसाच्या जागी उभं राहायचं.

कॅचर डग ॲलिसन, पिचर एसा ब्रेनार्ड, पहिल्या बेसवर चार्ली गूल्ड, दुसऱ्यावर चार्ल्स स्वीझी, तिसऱ्यावर फ्रेड वॉटरमन, शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे) हॅरीचा धाकटा भाऊ जॉर्ज राइट, बाहेरच्या मैदानात डावीकडे अँडी लेनर्ड, मध्ये स्वतः हॅरी, उजवीकडे कॅल मॅकव्हे. बदली खेळाडू डिक हर्ली. यातला एकटा गूल्ड सिनसिनाटीचा, बाकी सगळे बाहेरून आणलेले.

चिठ्ठीच्या मागे पगार लिहा. जॉर्ज १४०० डॉलर, हॅरी १२००, ब्रेनार्ड ११००, वॉटरमन १०००, हर्ली ६०० आणि उरलेल्या पाचांना प्रत्येकी ८००. एकूण ९३००, १५ मार्च ते १५ नोव्हेंबर या आठ महिन्यांचे. साध्या कुशल कारागिराच्या वर्षाच्या कमाईपेक्षा हे बरंच जास्त होतं. इथे थांबा आणि मुलांना वाद घालू द्या. १८६९ च्या आधी खेळाडूला पैसे देणं बेसबॉलच्या राष्ट्रीय संघटनेला मान्य नव्हतं, पण पडद्याआडून पैसे दिले जातच होते. सिनसिनाटीने पहिल्यांदा संपूर्ण संघ उघडपणे पगारावर ठेवला. खेळाने पोट भरावं का? आपल्या जिल्ह्यात कुस्तीच्या फडावर बक्षिसाची रक्कम पुकारलेली मुलांनी ऐकलेली असते, त्यामुळे मतं जोरात येतात. माझं मत मी लपवत नाही: ज्याला सकाळ-संध्याकाळ अंग मोडून सराव करायचा आहे त्याला भाकरीची काळजी असता कामा नये, आणि जे द्यायचं ते उघडपणे द्यावं.

त्या संघाने त्या वर्षी काय केलं ते सामन्यातल्या मधल्या सुट्टीत सांगा. १५ जूनला न्यूयॉर्कच्या म्युच्युअल संघाला ४–२ ने हरवलं. ज्या काळात धावा ढिगाने होत त्या काळात हा आकडा विलक्षण होता. तो दौरा संपवून १ जुलैला परतले तेव्हा गावातल्या लाकूडवाल्यांनी त्यांना २७ फूट लांबीची बॅट भेट दिली. १० मे १८६९ ला अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांना जोडणारा लोहमार्ग पूर्ण झाला होता, आणि सप्टेंबरमध्ये हे लोक त्याच रुळांवरून थेट सॅन फ्रान्सिस्कोला खेळायला गेले. घरच्या बकाय संघाला एकदा १०३–८ असं हरवलं. वर्षभरात पराभव शून्य. ट्रॉय गावच्या संघाशी २६ ऑगस्टला १७–१७ असताना समोरचे मैदान सोडून गेले, म्हणून कुणी ५७ विजय मोजतं, कुणी ५६ विजय आणि एक बरोबरी. तांबड्या मोज्यांमुळे त्यांना रेड स्टॉकिंग्ज म्हणत. मुलांना फुटबॉलचे लाल मोजे घालायला सांगा, तेवढा पोशाख पुरे.

एक चिठ्ठी कोरी ठेवा, आणि ती कुणाची हे शेवटी सांगा. डिसेंबर १८६७ मध्ये बेसबॉलच्या राष्ट्रीय संघटनेने ठरवलं की ज्या क्लबात एकही काळा खेळाडू आहे त्याला सदस्यत्व नाही. फिलाडेल्फियात ऑक्टेव्हियस कॅटो याचा पायथियन क्लब चांगला खेळत होता, त्याला दार बंद झालं. ज्या गावात ७ नोव्हेंबर १९०० ला भीमराव आंबेडकरांचं नाव शाळेत दाखल झालं आणि जिथे कर्मवीर भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींची मुलं एका वसतिगृहात, एका पंगतीत बसवली, त्या गावातल्या मुलांना ही कोरी चिठ्ठी समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. ती गाळून सिनसिनाटीचे विजय सांगणं मला मंजूर नाही.

गुणलेखन आणि तारा

वर्गात ४० मुलं असतात, खेळतात १८. बाकीच्यांना नुसतं बसवू नका.

दोघांना गुणलेखक करा. तेव्हाच्या तक्त्यात प्रत्येक खेळाडूपुढे मुख्यतः दोनच रकाने असत: किती वेळा आउट झाला आणि किती धावा काढल्या. वर्तमानपत्रांत हे तक्ते रुजवले हेन्री चॅडविक याने. तो इंग्लंडमध्ये एक्सेटरला जन्मला आणि क्रिकेटचा वार्ताहर म्हणूनच त्याने लेखणी धरली होती. तक्ता बरोबर आहे का हे तपासायची सोपी खूण: सगळे डाव पूर्ण झाले असतील तर प्रत्येक संघाच्या आउटची बेरीज ५ इनिंगला १५ आलीच पाहिजे, ९ ला २७. जुळली नाही तर कुठेतरी एक नाव सुटलं आहे.

इतरांना तारमास्तर करा. सिनसिनाटीत लोक दौऱ्यावरच्या संघाची तार येण्याची वाट बघत थांबत. आपल्याकडची तारसेवा २०१३ मध्ये बंद झाली, त्यामुळे आजच्या मुलांनी तार पाहिलेली नाही. नियम सांगा: प्रत्येक इनिंगनंतर १५ शब्दांत हकीकत लिहायची आणि एकाने पळत वरच्या मजल्यावरच्या दुसऱ्या वर्गात नेऊन द्यायची. त्या वर्गाने त्यावरून फळ्यावर सामना उभा करायचा. भाषेच्या बाईंना यात घ्या. १५ शब्दांत कोण आउट, कसा आउट आणि आता धावा किती हे बसवताना मुलं विशेषणं आपणहून खोडतात.

सामना संपला की दोन्ही संघांनी एकमेकांचा जयजयकार करायचा, ही तेव्हाची रीतच होती. हरलेल्यांनी चेंडू जिंकलेल्यांना द्यायचा. त्यावर तारीख, दोन्ही संघांची नावं आणि धावा रंगाने लिहायच्या. क्लबांमध्ये असे चेंडू रांगेने मांडून ठेवलेले असत.

आणि बरोबरी झाली तर? हा प्रश्न आधीच ठरवून ठेवा. १४ जून १८७० ला ब्रुकलिनच्या कॅपिटोलिन मैदानावर सिनसिनाटी आणि तिथला ॲटलांटिक संघ यांच्यात ९ इनिंगनंतर ५–५ झालं. ॲटलांटिकचे खेळाडू बरोबरी मानून निघाले होते, लोक मैदानात उतरले होते. सिनसिनाटीने बरोबरी नाकारली, निकाल लागेपर्यंत खेळू म्हणाले. चॅडविकला विचारलं, त्यानेही नियम तसाच असल्याचं सांगितलं. अकराव्या इनिंगमध्ये सिनसिनाटीने २ धावा काढल्या, ७–५. मग ॲटलांटिकने ३ काढल्या आणि ८–७ असा तो अपराजित संघ हरला. बरोबरी घेतली असती तर हरले नसते. क्लबचे अध्यक्ष, तरुण वकील आरन चॅम्पियन यांनी त्याच रात्री घरी तार केली: इतका सुंदर सामना कधी झाला नाही, आपली पोरं शर्थीने खेळली, हरलो पण लाज नाही. त्याच वर्षाअखेर खर्च झेपेना म्हणून क्लबने पगारी संघ मोडला. हॅरी, जॉर्ज आणि आणखी काही जण बोस्टनला गेले आणि तांबडे मोजेही सोबत घेऊन गेले. आजचा सिनसिनाटी रेड्स १८८१ मध्ये नव्याने उभा राहिला.

आपल्या सामन्यात बरोबरी झाली तर दोन्ही कर्णधारांना समोरासमोर उभं करा आणि ही हकीकत सांगून निर्णय त्यांच्यावर सोपवा. पालकांना आधीच चिठ्ठी पाठवून ठेवा की त्या शनिवारी घरी यायला उशीर होईल, रिक्षावाल्या काकांनाही तासभर उशिरा बोलवा, आणि पिण्याच्या पाण्याचे दोन पिंप जास्तीचे भरून घ्या. आमच्याकडे कर्णधारांनी आजवर "खेळू" असंच म्हटलं आहे.